‘मिठाचा धक्का’ या चित्रपटाचा खरा शेवट

मी, विल्मा स्ट्राका एबलमन, लिऑन एबलमन यांची विधवा, निवृत्त चित्रपट संकलक, राहणार सॅन पेड्रो, लॉस एंजलिस, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने करत आहे. माझे डोळे अधू झाले आहेत, बुद्धी झालेली नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझ्या मागे घर राहील, थोडे सामान राहील आणि एका चित्रपटाचा शेवट राहील. तो शेवट आणि तो लिहिणाऱ्याचे नाव पुसले जाऊ नये, यासाठी मुख्यतः हा कागद आहे. बाकीचे आधी उरकते.

कलम १. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि मोटार माझी भाची पाउला हिला मिळावी. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. स्वयंपाकघरातला नळ गळतो. प्लंबर बोलावला की तो आधी माझ्या नवऱ्याच्या राजकारणाबद्दल विचारतो, म्हणून मी बोलावणे सोडले. पाउलाने दुसरा शोधावा.

कलम २. माझी कात्री, पांढरे सुती हातमोजे आणि फिल्म जोडण्याचे यंत्रही पाउलालाच. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, तिला उपयोग नाही. तरी विकू नये.

कलम ३. कपाटातल्या चित्रपटांच्या प्रती सॅन पेड्रोच्या कॉलेजातल्या फिल्म क्लबला द्याव्यात. फ्रेंचांनी या चित्रपटांना पुढे ‘नुआर’, म्हणजे काळे, असे नाव दिले. आम्ही त्यांना गुन्ह्याची चित्रे म्हणत होतो, आणि त्यातला निम्मा काळोख भिंती रंगवायला पैसे नव्हते म्हणून होता. ‘तिसरं कुलूप’ अवश्य पाहावा. त्यात नायक पहिल्याच दृश्यात हरतो आणि ते त्याला सोडून सगळ्यांना कळते. ‘बर्नीसचा पाहुणा’ पाहावा तो जिन्यासाठी. ‘बंद पेट्रोल पंप’ मीच कापून जोडला आहे. मधली वीस मिनिटे झोपावे, शेवटाला उठावे. चित्रपटाआधी कोणी भाषण करू नये.

कलम ४. दिग्दर्शक व्हिक्टर टीग यांस.

‘मिठाचा धक्का’ लिऑनने लिहिला, व्हिक्टरने दिग्दर्शित केला, मी कापला. डबाबंद मासळीच्या कारखान्यातली ॲग्नेस आपल्या मुकादमाला धक्क्यावरून ढकलून देते, एवढीच गोष्ट. लिऑनच्या शेवटात ती सुटत होती. सेन्सॉरने नकार दिला. खाजगी खेळात निर्माता ओरडला, “खून करून बाई घरी जाते? मग लोकांनी काय शिकायचं?”

“घरी कुठे जातेय?” लिऑन म्हणाला. “धक्क्यावरच बसलीय की! ती सुटते म्हणून तुम्ही घाबरत नाही, साहेब. सुटूनही तिला जायला जागा नाही, म्हणून घाबरताय.”

व्हिक्टर गप्प बसला. त्याने आठवड्यात नवा शेवट चित्रित केला: ॲग्नेस पळते आणि ट्रकखाली येते. दोन वर्षांनी तो सिनेमातले कम्युनिस्ट हुडकणाऱ्या वॉशिंग्टनच्या समितीपुढे गेला आणि तिथे मात्र गप्प बसला नाही. त्याने पहिले नाव लिऑनचे घेतले. पुढच्या प्रतींवर ‘लेखक’ या शब्दाखाली व्हिक्टर टीग हे नाव आले. लिऑनला कुठलाही स्टुडिओ काम देईना; त्याने दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकले, आणि एके दिवशी दुकानाच्या रांगेत उभ्याउभ्या गेला.

दफनाच्या दिवशी व्हिक्टर हॅट हातात घेऊन आला. “विल्मा, माझ्या जागी तू असतीस तर?”

“तर हॅट काढली नसती,” मी म्हटले. “तोंड झाकायला तेवढीच होती.”

आता तो विद्यापीठात ‘मिठाचा धक्का मी कसा लिहिला’ यावर व्याख्याने देतो. त्याला मी ट्रकचा शेवट देते. तो त्याच्याकडे आहेच. त्याने तोच ठेवावा.

कलम ५. कापलेला शेवट जाळून टाकण्याचा मला हुकूम होता. मी तो डबा जेवणाच्या पिशवीतून घरी आणला. कोरी फिल्म आम्ही जशी बंद करायचो, तशी कडेने चिकटपट्टी दुहेरी गुंडाळली आणि डबा फ्रिजमध्ये मांसाखाली ठेवला. दाखवला असता तर व्हिक्टरने स्टुडिओकडून जप्त करवला असता. म्हणून मी व्हिक्टरच्या मरणाची वाट पाहत राहिले. तो मरत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या आजाराचे नाव कळले, तेव्हा मी पाउलाला डबा काढायला सांगितले. पट्टी सोडवताना ती नाक दाबून म्हणाली, “मावशी, हे मधासारखं काय आहे गं?”

“तुझा लिऑनकाका,” मी म्हटले.

जुनी फिल्म स्वतःच वाफ सोडते. ती वाफ बाहेर जाऊ द्यावी लागते, नाहीतर फिल्म तिच्यातच सडते. कोरी फिल्म वाचवायची रीत मी जुन्या फिल्मला लावली. वर चिकट रस, खाली तपकिरी भुकटी. एक चौकटही उरली नव्हती. अशी सडलेली फिल्म आपोआप पेटते, म्हणून पाउलाने अग्निशमन दलाला बोलावले. त्यांनी डबा पाण्यात बुडवून नेला.

कलम ६. माझे वकील म्हणाले, “बाई, मृत्युपत्रात सिनेमा कशाला?”

मी विचारले, “मी गेल्यावर हा कागद कुठे जातो?”

“न्यायालयात. तिथे कायमचा राहतो. कोणीही मागून वाचू शकतो.”

“त्यातलं काही कापता येतं?”

“एक शब्दही नाही.”

“मग लिहा,” मी म्हटले.

तेव्हा पुढील मिळकत मी कोणा एकाला न देता जो मागेल त्याला देते:

सकाळ. धक्का. मिठाची पोती. ॲग्नेस एका पोत्यावर बसून पाव खाते आहे. दूरवरून पोलीस अधिकारी येतो. त्याचे बूट आधी दिसतात. तो तिच्याशेजारी बसतो. त्याला सगळे माहीत आहे, हे तिला माहीत आहे. तो म्हणतो, “अर्धा देतेस?” ती पाव मोडते. दोघे खातात. बोटीचा भोंगा. तो कोटावरचा चुरा झटकतो, उठतो, आल्या वाटेने जातो. ती त्याच्याकडे पाहत नाही. ती पाण्याकडेही पाहत नाही. हातातला तुकडा संपतो, तरी हात तोंडाशी जात राहतो. कॅमेरा हलत नाही. संगीत नाही. मी हे दृश्य जितके लांब ठेवता येईल तितके लांब ठेवले होते. मग काळे.

पडद्यावर एकच ओळ: लेखक, लिऑन एबलमन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो बरोबर आहे. त्याखाली दोन साक्षीदारांसमोर मी सही करत आहे. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ऑगस्टला कात्री हवी होती, म्हणून तो जरा रुसला आहे.

सही: विल्मा स्ट्राका एबलमन

साक्षीदार: ऑगस्ट लिंडक्विस्ट, शेजारी
साक्षीदार: कॉन्स्टन्स ओयामा, कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या मालकीण

स्थळ: सॅन पेड्रो, लॉस एंजलिस
दिनांक: ११ मार्च १९७४