ओसरीवरचा युरोप

२ एप्रिल १९३९, रविवार

हिची तेरवी परवा झाली. पाहुणे गेले. मुलगा उत्तम सकाळच्या गाडीने जबलपूरला परत गेला. तिथे तो फौजेच्या सप्लाय खात्यात कारकून आहे. जाताना डबा तुळसाने दिला. तुळसा माझी धाकटी बहीण, गावातच दिली आहे.

दुपारच्या गाडीने पेपर आला. इंग्लंडने पोलंडला गॅरंटी दिली. फ्रान्सही बरोबर आहे. म्हणजे लढाई टळली. हिला मी हेच सांगितले होते. शेवटी शेवटी तिने एकच विचारले, "उत्तमले लढाईवर त नाही नेनार ना?" इतके तह झाले आहेत, कोणाची छाती होणार नाही, असे मी म्हणालो. "मंग ठीक," म्हणाली. त्यानंतर विशेष बोलली नाही.

ठरवले आहे की रोज पेपर वाचून पोझिशन टिपून ठेवायची. रडत बसणे माझ्या स्वभावात नाही.

५ एप्रिल

तुळसा ओसरी सारवायला आली. नको म्हटले. ओसरीवर नकाशा आहे.

हा नकाशा मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास चुन्याने काढला. मी पेपर वाचायचो, ही शेजारी सूप घेऊन धान्य निवडायची. देश लक्षात राहत नाहीत म्हणून सुपातले दाणे मांडत गेली. इंग्लंड तांदूळ. जर्मनी उडीद. फ्रान्स मसूर, इटली मूग. रशिया ज्वारी, कारण तिकडे माणसे फार. पोलंड तीळ. पुढे तेवढा कोपरा सोडून ती सारवायची.

चेकोस्लोव्हाकियाला हरभरा होता. मोठ्या चौघांनी बसून त्याची वाटणी केली तेव्हा तिने विचारले, ते लोक बैठकीत होते का. मी म्हणालो, बाहेर बसवले होते. तिने हरभरा उचलून आत नेला. संध्याकाळी उसळ होती. "ठिवून काय, कीड लागते," एवढेच म्हणाली.

उंबऱ्याजवळ तुरीचा एक दाणा आहे. तो उत्तम. जबलपूर युरोपात येत नाही हे मी तेव्हाच समजावले होते. तिने उचलला नाही.

तुळसा म्हणाली, मानसं येतीन त काय म्हनतीन. स्टडीसाठी ठेवले आहे, असे सांगितले. ती पदर डोळ्याला लावून गेली. यात रडण्यासारखे काय ते कळले नाही.

२५ मे

जर्मनी आणि इटलीचा पक्का करार. मूग उडदाजवळ सरकवला. दोन्ही पारडी सारखी झाली की कोणी हलत नाही, म्हणून बातमी चांगलीच आहे.

आजपासून स्वैपाक स्वतः करणार. अमीनाबी रोज भाकरी पाठवते ते बरे दिसत नाही. तिच्या नवऱ्याला, वहाबला, तसे सांगितले. स्टेशनसमोर त्याचे तेलाचे दुकान आहे. मी स्टेशनवर तारबाबू होतो तेव्हापासून ओळख. तो म्हणाला, "करा बाबूजी. भाकर गोल नाही झाली त नकाशात लावजा."

२७ मे

हात भाजला. अमीनाबीकडची भाकरी घेतली. हा करार नव्हे, तात्पुरती व्यवस्था आहे.

११ जुलै

पावसाने मुंग्या निघाल्या. पोलंड नेला. डब्यातले तीळ काढून पुन्हा मांडला.

१४ जुलै

पुन्हा नेला. पुन्हा मांडला. वहाब उभा राहून पाहत होता. म्हणाला, "बाबूजी, तुमच्या पोलंडमंदी त रोजच लढाई होऊन राह्यली. काहून राखता?" मी म्हणालो, गॅरंटी आहे. तो हसला नाही. जाताना पाय उचलून, चुन्याची रेघ चुकवून गेला. पूर्वी ही होती तेव्हाही तसाच जायचा.

२६ ऑगस्ट

रशिया आणि जर्मनीचा तह. अगोदर विश्वास बसला नाही. दोनदा वाचले. रशिया आपल्या बाजूला येणार असे मी हिला सांगितले होते.

दुपारभर विचार केल्यावर उलगडा झाला. दोन मोठे वैरीच एक झाले तर लढायला राहिले कोण? वहाबला पटवून दिले. तो म्हणाला, "दोघं गळ्यात गळे घालून राह्यले, मंग मंधातल्याचं काय?" मधे तीळ आहेत. त्याला चहा दिला. साखर जास्त पडली.

३ सप्टेंबर, रविवार

जर्मनी पोलंडमध्ये शिरला. प्रकरण तेवढ्यापुरते राहील.

काल उत्तम रजेवर आला. हिची सहामाही शनिवारी आहे. दारात थांबला. ओसरीकडे पाहिले आणि मागच्या दाराने घरात आला. अंगाने खराब झाला आहे. जबलपूरचे पाणी मानवत नसावे.

ठरवले आहे की शनिवार होईपर्यंत पेपर वाचायचा नाही.

५ सप्टेंबर

हिंदुस्थानही लढाईत आहे असे जाहीर झाले, वहाब सांगून गेला. इकडे कोणाला विचारले नव्हते.

दुपारी सहज स्टेशनवर गेलो. नवा तारबाबू हेमसिंग मशीनवर होता. बाकावर टेकलो. तार येत होती. ऐकायचे नाही म्हटले तरी कानाला सवय आहे. जबलपूर. मग उत्तमचे नाव. मग रजा रद्द, ताबडतोब हजर. हेमसिंगच्या पेन्सिलीअगोदर मला पुरी कळली.

उठून घरी आलो. रिटायर होऊन सहा वर्षे झाली. या वयात अक्षरे चुकीची ऐकू येणे शक्य आहे. दुसरा कोणी उत्तम असेल. उत्तमला काही बोललो नाही. तो आईच्या पेटीजवळ बसला होता. त्याला चहा करून दिला.

तासाभराने पोर्टर कागद घेऊन आला.

उत्तमने वाचून घडी केली. सहामाही तुमी करसान का, म्हणाला. करीन म्हटले. मग कागद खिशात ठेवून म्हणाला, "बाबा, मायनं मरताना माह्याबद्दल काही इचारलं होतं का?"

मी सांगितले, लढाईवर नेतील का म्हणून विचारत होती.

"तुमी काय सांगतलं?"

"नाही नेणार, असे सांगितले."

त्याने मान हलवली. "बरं केलं, बाबा."

६ सप्टेंबर

उत्तम सकाळच्या गाडीने गेला. कुठे पाठवतील ते त्याला माहीत नाही. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघे सिग्नलकडे पाहत होतो. वहाब आला होता. त्याने शेंगदाण्यांची पुडी दिली.

घरी येऊन दाणे गोळा केले. तीळ नव्हतेच. बाकीचे वेगवेगळे ठेवावे म्हणून सूप घेऊन बसलो. ही झटक्यात करायची. माझ्याच्याने होईना. तांदूळ, उडीद, मसूर, मूग, ज्वारी, सगळे एकाच भांड्यात घालून चुलीवर ठेवले. तांदळाचे पीठ झाले आणि उडीद कच्चे राहिले. मीठ टाकायचे राहून गेले होते. खाल्ले.

तुळसा उद्या सारवायला येते म्हणाली. नको म्हटले. शेण तिने ठेवलेले होते. पाणी जास्त झाले, हात नीट फिरत नव्हता. चुना एका हाताने जात नाही, दोनदा सारवावे लागले. उंबऱ्याशी आलो तेव्हा तुरीचा दाणा सोडून भोवतीने सारवले.