खालची जागा

११ फेब्रुवारी २०१६

आज जे झालं ते लिहूनच ठेवते. नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी नूरमोहम्मदभाई वर आले. हातात रजिस्टरचं पाकीट. 'भाभी, ये देखो क्या आया. मराठीत आहे, वाचून सांगा.' पंचवीस वर्षं झाली, आमच्या खालच्या दुकानात ओढण्या रंगवतात. उर्दू वाचतात, मराठी नुसतं बोलता येतं. लाइटबिल असो, महापालिकेचा कागद असो, वाचायचं काम माझं. जन्मभर शाळेत कारकुनी केली, मला त्यात काय एवढं!

पाकीट फोडलं. नोटीस माझीच! 'आमच्या अशील श्रीमती अंबिकाबाई...' गेल्या आठवड्यात मुलगा हिमांशू पुण्याहून आला होता, तेव्हा त्याच्यासोबत जाऊन नानासाहेब वकिलांकडं सही केली होती. नोटीस जाणार हे ठाऊक होतं. ती वाचायला माझ्याकडंच येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

वाचली. शेवटपर्यंत वाचली. तीन महिन्यांत जागा खाली करावी. मालकिणीच्या सुनेला दवाखान्यासाठी जागेची निकड आहे. शिवाय भाडेकरू बोअरचं पाणी बेसुमार वापरतो.

'कोण काढायलंय मला?' त्यांनी विचारलं.

'मी,' म्हटलं.

 त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. 'चाय नको,' म्हणाले. मी चहा विचारलाच नव्हता.

१२ फेब्रुवारी

खालचं शटर रोजच्या वेळेलाच उघडलं.

३ एप्रिल

नळाला पाणी चौथ्या दिवशी. बोअरची मोटार वीस मिनिटं चालते, मग नुसती हवा ओढते. हिमांशूचा फोन - 'आई, खालचा व्हॉल्व्ह बंद कर. पाण्याशिवाय रंगारी किती दिवस बसेल?' मी म्हटलं, हे बरं दिसतं का? म्हणाला, 'तू मालकीण आहेस.'

हे गेल्यावर घर माझ्या नावावर झालं, हे खरं. पण मालकीण झाल्यासारखं कधी वाटलं नाही. कागदावर आधी यांचं, मुकुंद असं नाव होतं, आता माझं आहे, एवढंच.

व्हॉल्व्ह बंद केला.

४ एप्रिल

खालून ओरडणं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चढा आवाज ऐकला. 'गडद रंग घेणं कधीच बंद केलं मी! काळ्याला चार पाणी लागतं म्हणून काळा सोडला, लाल सोडला! अजून काय सोडू?' त्यांची सून नौशीन त्यांना दंडाला धरून आत नेत होती. तिनं वर बघितलं. मी खिडकीतून मागं झाले. चोरासारखी!

५ एप्रिल

राहवलं नाही. व्हॉल्व्ह उघडला. हिमांशूला सांगितलं नाही.

२१ एप्रिल

कोर्टाचा हुकूम आला - भाडेकरूचं पाणी पूर्ववत सुरू करा. अहो, ते सोळा दिवसांपूर्वीच सुरू केलंय! त्यांचा अर्ज मी बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलेला. म्हणजे कागदावर असं झालं की कोर्टानं कान धरला म्हणून बाईनं पाणी सोडलं. नानासाहेबांना म्हटलं, खरं काय ते लिहा. ते म्हणाले, 'कशाला? उगाच बंद केल्याचं कबूल होईल.' मग मी वागले ते चांगलं की वाईट? कळेना.

९ ऑगस्ट

दावा लागला. त्यांची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली. नानासाहेबांच्या ऑफिसात बसून वाचली. 'वादी ही लोभी व खोटारडी स्त्री असून...' पुढं डोळ्यांपुढं अक्षरंच येईनात.

घरी येताना जिन्यात नूरमोहम्मदभाई भेटले. म्हटलं, 'मी खोटारडी?'

'वकिलानं लिहिलं, भाभी. मी नाय.'

'मग मी सांगू? नोटीसही वकिलानंच लिहिली होती.'

'सही तुमची होती ना?'

'कैफियतीवर तुमची नाही का?'

ते खाली उतरले, मी वर चढले. 

१४ मार्च २०१७

तारीख. जजसाहेब रजेवर.

१२ सप्टेंबर २०१७

तारीख. निघताना जोराचा पाऊस. आम्ही दोघंही एकाच दारातून बाहेर पडलो, एकाच ठिकाणी जायला, आणि रिक्षा एकच! ते म्हणाले, 'बसा.' अदालत रोडपर्यंत गुडघेदुखीवर बोलत गेलो. रिक्षातून दोघांना उतरताना नानासाहेबांनी बघितलं. कपाळाला हात लावला. 'अंबिकाबाई, तुम्ही त्यांच्यावर दावा लावलाय!' मी म्हटलं, ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे.

१९ नोव्हेंबर २०१८

पुन्हा दुष्काळ. नळ सहाव्या दिवशी. बीड बायपासला दहा-दहा मजले उठतायत, त्यांना पाणी कुठून येतं देव जाणे.

साक्षीचं शपथपत्र तयार आहे. 'माझी सून हिमानी फिजिओथेरपिस्ट असून तिला सदर जागेत व्यवसाय सुरू करावयाचा आहे.' सही केली, शपथ झाली. घरी आल्यावर सहज म्हणून हिमानीला फोन केला. म्हटलं, दुकान मिळालं की आधी फरशी बदलून घेऊ.

ती म्हणाली, 'कसलं दुकान, आई?'

मी सांगितलं.  मग - 'मी तिथं कशाला येऊ? माझा इथं चांगला जम बसलाय. हे मला कुणी सांगितलंच नाही.'

तीन वर्षं! तिला कुणी सांगितलंच नाही!

हिमांशूला विचारलं. 'कोर्टाला निकड दाखवावी लागते, आई. जागा एकदा हातात आली की बघू.' काय बघू? 'बिल्डर भेटलाय मला.'

म्हणजे मी कालपर्यंत चुकीचं बोलत होते, आणि आजपासून खोटं बोलते. जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी २०१९

उलटतपास झाला. पिंजऱ्यात उभी राहिले. त्यांचा वकील तरुण, आवाज मऊ.

'नोटीस प्रतिवादीला कुणी वाचून दाखवली?'

'मी.'

कोर्टात हशा. साहेबही खाली बघून हसले.

'सून इथं राहायला येणार आहे का?'

नानासाहेब माझ्याकडं बघत होते. मागच्या बाकावर हिमांशू. त्याच्या पलीकडं नूरमोहम्मदभाई, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मला यांची आठवण आली नाही, देवाची आली नाही. एवढंच वाटलं की प्रश्न सोपा आहे आणि उत्तर मला येतंय.

'नाही,' म्हटलं. 'ती म्हणाली, मी येणार नाही.'

बाहेर आल्यावर हिमांशू म्हणाला, 'कुणासाठी केलं हे?' मला खरंच सांगता येईना. त्यांच्यासाठी? नाही. ते काही माझे कुणी नाहीत. मग कुणासाठी? तो न जेवता पुण्याला गेला.

नूरमोहम्मदभाई आभार मानायला आले नाहीत. बरं झालं. मला ते सहन झालं नसतं.

३० जानेवारी

हिमांशू फोन उचलत नाही. हिमानीही.

१६ एप्रिल

दावा फेटाळला. निकालात माझा उल्लेख चार वेळा - 'वादीने स्वतःच कबूल केले आहे की'. नानासाहेब म्हणाले, 'अपील करता येईल. पण बाई, तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून मी अपील करणार नाही!' आणि हसले. पहिल्यांदाच.

हरले. आणि गाढ झोप लागली! याला काय म्हणावं?

१७ एप्रिल

खाली नौशीननं पेढे वाटले. गल्लीत सगळ्यांना. आमच्या जिन्यापाशी येऊन थांबली, परत गेली. पुन्हा आली. मीच खाली उतरून एक उचलला. माझ्या हरण्याचा पेढा. गोड होता.

३ मे

टँकर आला नाही. नूरमोहम्मदभाईंनी पाटी लावली - फक्त फिके रंग.

९ मे

सकाळी दार वाजलं. हिमानी. दोन बॅगा, एक व्यायामाचं घडीचं टेबल. एकटीच.

'मी त्याला सोडून आलेय, आई. तिकडचं कामही संपलं, क्लिनिक त्याच्याच मित्राचं होतं.' आत येऊन बसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, 'ती खालची जागा... खरंच मिळेल का मला?'

मी म्हटलं, बैठकीची खोली घे. मी आत झोपेन.

'गुडघ्याचे पेशंट जिना कसे चढतील?'

तेवढ्यात खालून नूरमोहम्मदभाईंची हाक - 'भाभी, मेहमान आयी क्या?'

'मेहमान नाही,' मी ओरडून सांगितलं. 'सून आहे. राहायला आलीय.'

'वही... दवाखानेवाली?' खालून आलं.