बंद पडलेल्या जलतरण मंडळाची वाटणी

मी, दिपमाला पितांबर फिरके, वय सहासष्ट, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र राहत्या घरी, कोणाच्याही दबावाशिवाय, वकीलसाहेबांना सांगून लिहवून घेत आहे. फुप्फुसे संपत आली आहेत, डोके शाबूत आहे. डॉ. आकिब तडवी यांनी आज सकाळी तपासून तसे सांगितले. पूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मेहरूणचे दोन खोल्यांचे घर माझा पुतण्या दीपक याला द्यावे. तो ते विकेल. विकू दे. गच्चीवरची टाकी गळते, एवढे मात्र घेणाऱ्याला आधी सांगावे.

२. बँकेतील ठेव डॉ. तडवी यांच्या हाती राहावी. कॉलेजात पोहलेले आणि आता पुन्हा पाण्यात उतरू पाहणारे जळगाव-धुळ्याचे कोणीही आले, तर त्यांची तलावाची वर्गणी त्यातून भरावी. डॉक्टरांनी विचारले, "मॅडम, कोणी आलंच नाही तर?" वर्षभरात कोणी न आल्यास ठेव दीपकची. असेच होणार, हे मला माहीत आहे. तरी आधीचे वाक्य खोडू नये.

३. निवृत्तीनंतर मी काढलेले प्रौढ जलतरण मंडळ आज अस्तित्वात नाही, सबब त्याच्या नावे काही ठेवलेले नाही. जुन्या पोहणाऱ्यांचे उंबरे मी स्वतः झिजवले. धुळ्याचा पुना हा आमच्या वेळचा सगळ्यांत वेगवान पोहणारा. आता मोटारपंप विकतो. म्हणाला, "अक्का, या पोटानं पाण्यात पडलो तर लोक म्हणतील, कोणी ढकललं." हसला आणि चहा पाजला. लीलाधर दर वेळी म्हणायचा, दिवाळीनंतर येतो. माझी शिट्टी लीलाधरला द्यावी, दिवाळीनंतर.

४. एकटी सुंदर आली. सुंदरबाई सोनगीरची, बापाने शेतातल्या विहिरीत पोहायला शिकवलेली. विद्यापीठाच्या रिलेत ती माझ्यानंतर उडी मारायची. लग्न होऊन एरंडोलला गेली आणि कपडे धुण्यापलीकडे पाण्याशी संबंध राहिला नाही. बायकांच्या वेळेत पहिल्या दिवशी ती काठाचा दांडा धरून नुसती उभी राहिली. मग सुटली. पलीकडे पोचून वळून म्हणाली, "दिपा, पानी तसंच शे." तो हिवाळा ती एसटीने येत राहिली. माझ्या आयुष्यात सुखाचा काळ कोणता असे कोणी विचारले नाही. तो हा होता.

५. कोणीतरी मोबाइलवर तिचे चित्रण केले. ते एरंडोलात घरोघर फिरले. तिचा मुलगा ज्ञानेश्वर तलावावर आला, काठावर बूट घालून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "आई, चल." ती अर्ध्यातून बाहेर आली. मी एरंडोलला गेले तेव्हा तिने दार उघडले, पाणी दिले. "काय करू वं बहीण? माले त्याच घरमा राहनं शे." मी पाणी प्यायले आणि परतीची एसटी धरली. एका बाईसाठी वेळ राखता येत नाही म्हणून तलावावरची बायकांची वेळ बंद झाली. नंतर मी पुरुषांच्या गर्दीत एकटी पोहले, दम साथ देईपर्यंत. ज्ञानेश्वरने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. आलाच तर त्याला पाणी विचारावे, खांदा नाही.

६. सुंदरसाठी घेतलेला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख, टोपी व चष्मा कपाटात कोरे आहेत. ते तिला द्यावेत.

७. हे लिहून होत असताना सुंदर मला भेटायला आली. ठरलेला दुसरा साक्षीदार आला नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, "बाई सही करू शकतात, पण मग त्यांनी यातून काही घेऊ नये. पुढे वाद नको." दीपक म्हणाला, शेजारून कोणाला तरी आणतो. मी सुंदरकडे पाहिले. सहावे कलम तिला वाचून दाखवले होते.

ती म्हणाली, "कोनले बलावू नको. मी सही करस. तो पोशाख घर लई जाईसन ठेवू कोठे?"

माझा हात तिने धरून ठेवला होता. मी आग्रह केला नाही. सबब सहावे कलम रद्द. पोशाख, टोपी व चष्मा दुसऱ्या कोणाला देऊ नयेत, माझ्याबरोबर जाळावेत.

वरील मजकूर वाचून घेतला, समजला, मान्य आहे.

ठिकाण : मेहरूण, जळगाव
दिनांक : ११ डिसेंबर २०२४

सही : दिपमाला पितांबर फिरके

आमच्या समक्ष सही केली, साक्षीदार :

१. डॉ. आकिब जब्बार तडवी, जळगाव. व्यवसाय : वैद्यकीय.

२. सुंदरबाई भिका महाजन, एरंडोल. व्यवसाय : घरकाम.