आठ झाडांची पिशवी

डिचोली, दि. १६ एप्रिल २०२५

चि. सौ. विमल हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम आहे. माझा डावा गुडघा तेवढा त्यातून वगळावा. हे पत्र साईश कंडक्टरच्या हाती देतो आहे, कारण तुझा फोन दिवसभर तुझ्या लेकीच्या हातात असतो आणि विषय तिचाच आहे.

काल गौरवी सकाळच्या बसने एकटीच इथे आली. नमस्कार केला, दोन पाव भाजीबरोबर खाल्ले, आणि पतसंस्थेतून पैसे काढायचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. चौपन्न हजार रुपये. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आकडा बदलला नाही. खातं तिचं, पालक म्हणून सही माझी, हे तुला आठवत असेलच. तिच्या आजोबांनी डोंगरावरच्या भाटातली आठ काजूची झाडं तिच्या नावाची म्हणून दाखवली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबलीभावोजींनीच मला सांगितलं होतं की पासबुक कोरगावात राहिलं तर वर्षभरात त्याचा पाण्याचा पंप होईल. गेली आठ वर्षं बिया वेचून, विकून पोरीने हे पैसे जमवले, आणि आता तिला ते एका परदेशी कंपनीच्या, खांद्याला लावायच्या पिशवीवर घालायचे आहेत.

मी विचारलं की एवढ्याची पिशवी घेतल्यावर तिच्यात ठेवायला काय उरणार. ती हसली नाही. वर्गात माझ्या विनोदाला कुणी हसत नाही याची मला सवय आहे, पण गौरवी आजवर हसत आली आहे. झाडं माझी, पैसे माझे, मामाने फक्त सही करावी, एवढंच म्हणाली. फार खोदल्यावर तोंडून शीतलमामीचं नाव तेवढं निघालं.

रविवारी आपल्या धाकट्याच्या, विनायक-शीतलच्या मुलीचा साखरपुडा झाला तेव्हा मी भटजींच्या हाताखाली तांदूळ निवडत होतो. माझ्या पाठीमागे काय घडलं ते सविस्तर लिही. फॉर्म शब्दकोशाखाली दाबून ठेवला आहे.

माया आहेच, ती पोचती समजावी.

तुझा
गोकुळदासदादा

कोरगाव, दि. १९ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. आधी एकच सांगते, सही करू नकोस. बारावीनंतर तिला पणजीला नर्सिंगला घालायचं ठरलंय आणि ती फी ह्याच पैशांतून जायची आहे. आमच्याकडे दुसरी पुंजी नाही.

आता झालं ते. हॉलमध्ये मेजावर शीतलची पिशवी होती. कुणाचा तरी हात लागून सरबताचा ग्लास लवंडला, आणि सरबत पिशवीकडे वाहायला लागलं म्हणून गौरवीने ती चटकन उचलून वर धरली. शीतलने ती तिच्या हातातून हिसकून घेतली. एप्रिलात आमच्या सगळ्यांची बोटं बियांच्या तेलाने काळी पडतात, कातडी सोलते, साबणाने काही ते जात नाही. शीतलने ओला कागदी रुमाल काढून पट्टा पुसला, एकदा नाही, चार वेळा. मग तोच रुमाल गौरवीला दिला आणि म्हणाली की आता तू पण पूस. वर मये गावच्या विहीणबाईंना सांगितलं की ही आमच्या ह्यांच्या बहिणीकडची, काजूवाली माणसं, चौपन्न हजार म्हणजे किती ते ह्यांना कळायचं नाही.

मी पेढ्यांचं ताट घेऊन तिथेच उभी होते. भावाच्या घरचं कार्य म्हणून तोंड उघडलं नाही. ते आता मला खातंय.

गौरवी घरी येऊन रडली नाही. रडली असती तर जवळ तरी घेतलं असतं. मामीची पिशवी नेमकी कुठल्या कंपनीची आणि कुठल्या रंगाची, एवढंच तिने फोनवर शोधलं. तिचा बापूय म्हणतो की पोरीचे पैसे पोरीला कळतात, आणि कोयता घेऊन भाटात जातो. त्याला काय जातं. दादा, राग मलाही आहे. शीतलच्या त्या रुमालाची मी मनात शंभर वेळा राख केली. पण रागापायी पोरीचं शिक्षण घालवायचं का, हे तू शिकलेला माणूस, तूच सांग.

गुडघ्याला तिळाचं तेल लाव. तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी
विमल

डिचोली, दि. २३ एप्रिल

चि. सौ. विमल हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचण्याआधी मी सही केली असती तर माझ्याकडे निदान सबब होती. मी ते दोनदा वाचलं आणि मग सही केली.

रागावण्यापूर्वी ऐक. आठ वर्षं आपण त्या मुलीला सांगत आलो की हे तुझं. आणि ज्या दिवशी ती म्हणाली की मग मला द्या, त्या दिवशी आपण दोघं तिच्यासमोर शहाणे होऊन बसलो. दिलेलं परत घेणाऱ्याला कोणता नरक मिळतो याची पुराणांत सोय आहे. देऊन अटी घालणाऱ्या मामाविषयी पुराणं गप्प आहेत, पण त्या मौनावर विसंबण्याचं माझं वय राहिलं नाही. पैसे तिचे असतील तर ते उधळण्याचा हक्कही तिचाच. नाहीतर तो तिचा पैसा नव्हे, आपल्याकडची ठेव, आणि ती फक्त वेचणारी मजूर.

इथपर्यंत शास्त्र झालं. आता खरं सांगतो. त्याच साखरपुड्यात शीतलने व्याह्यांना माझी ओळख घरातली पूजा सांगणारे अशी करून दिली. एकतीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवतो, हे तिला ठाऊक आहे. तिच्याच मुलीकडून दहावीला मी रूपं पाठ करून घेतली. निघताना माझ्या हातावर नारळ आणि एकशे एक रुपयांचं पाकीट ठेवलं. नारळ मी खाल्ला. पाकीट मेजाच्या खणात आहे आणि रोज एकदा उघडून बघतो, कारण द्वेषालाही नियमित व्यायाम लागतो. तेव्हा या सहीत तत्त्व किती आणि सूड किती, ते तू मोजू नकोस. मीही मोजलेलं नाही.

लग्न २९ मेला आहे. शीतलच्या पिशवीशेजारी तशीच दुसरी पिशवी येऊन बसली तर व्याह्यांना निदान कळेल की चौपन्न हजार मोजता येणारी माणसं कोरगावातही आहेत. फीचं बघू. माझ्या प्रॉव्हिडंट फंडाला अजून कुणी हात लावलेला नाही. हे मात्र गौरवीला सांगू नकोस, खर्चाची झळ तिला लागू दे.

रागाच्या पत्रातही तुझं अक्षर सुवाच्य असतं, याचं कौतुक आहे. तितकाच लोभ असावा.

तुझा
दादा

कोरगाव, दि. १२ मे

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पंधरा दिवस मी तुला मुद्दाम लिहिलं नाही. आज लिहिते, कारण काल जे झालं ते फोनवर सांगायचं नाही.

पिशवी पणजीहून आली ती पांढऱ्या खोक्यात, आत मऊ कापडाची खोळ. मी हात धुऊन मगच तिला बोट लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खोका रिकामा. गौरवी ती खांद्याला लावून भाटात गेली होती. परत आली ती पिशवीभर बिया आणि वर काजूचे चारपाच रसाळ बोंडू घेऊन. बोंडवांचा रस तळातून गळत होता, पायरीपर्यंत थेंब. दादा, मी केरसुणी उचलली होती. तिचा बापूय एवढा हसला की ठसका लागला. मी विचारलं की हेच करायचं होतं तर वीस रुपयांचं पोतं काय वाईट होतं. ती म्हणाली की पोत्याकडे मामी बघणार नाही.

तेव्हापासून रोज तेच. बिया त्यातून, पेडण्याच्या बाजारातले बांगडे त्यातून, गाईच्या पेंडीचा खुराक त्यातून. पट्ट्याची सोनेरी कडी काळी पडली. वाड्यावरच्या बायका आधी हळहळल्या, मग सवय झाली. आता सगळी तिला काजूची पिशवी म्हणतात.

काल रविवारी विनायक आणि शीतल लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. बरोबर मयेच्या विहीणबाई, कारण वाटेत त्यांना देवळात जायचं होतं. शीतल सोप्यावर बसली, मांडीवर तिची पिशवी. मी पाणी दिलं. तेवढ्यात गौरवी डोंगर उतरून आली. पिशवी घामाने, रसाने चिकट, भोवती माश्या. तिने सगळ्यांच्या पाया पडून पिशवी शीतलच्या अगदी बाजूला ठेवली. तोच रंग, तीच कडी, कंपनीचं तेच अक्षर. मग सूप ओढून बिया त्यात ओतल्या.

विहीणबाई साधी बाई. त्यांनी पिशवी उचलून बघितली, शिवण ओढून बघितली आणि म्हणाल्या की फार मजबूत आहे, आमच्या कुळागरात सुपाऱ्या वेचणाऱ्या बायकांना अशा डझनभर घेतल्या पाहिजेत, पेडण्यात कुठल्या दुकानात मिळतात. गौरवीने खालच्या आवाजात सांगितलं की मामीला जास्त माहीत, मामी पण हीच वापरते. विहीणबाई वळल्या. एक पिशवी बघितली, दुसरी बघितली, आणि शीतलला विचारलं की तुमच्या वास्कोला काजू कुठे असतात. शीतलने पिशवी पदराखाली घेतली. विनायक अंगणातला फणस बघत राहिला.

मला पाप लागो, पण मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला आणि हसले. साखरपुड्यापासून पोटात अडकलेलं बाहेर आलं. गौरवी मात्र हसली नाही. बिया निवडत बसली.

तू तिला हे शिकवलंस की तिचं तिलाच सुचलं, ते कळव. वडीलकीची ऊब असू दे.

तुझी
विमल

डिचोली, दि. १६ मे

चि. सौ. विमल हिस,

अनेक आशीर्वाद. मी शिकवलं नाही, आणि मला सुचलं नसतं. तिला शेजारी तशीच पिशवी मिरवायची आहे, एवढीच माझी झेप. पोरीने मूर्तीच्या शेजारी दुसरी मूर्ती मांडली नाही, देवच बाजारात नेऊन बसवला. मी गुरू म्हणून निवृत्तीचा विचार करतो आहे.

परिणाम ऐक. विहीणबाईंनी मयेला जाऊन घरोघर मोठ्या कौतुकाने सांगितलं की सुनेची आई श्रीमंत असून काजूच्या पिशवीवर भागवते, गर्व कसा तो नाही. त्या घरात शीतलची आता तीच ओळख झाली आहे. तिने पिशवी कपाटात टाकली. पण तेवढ्याने भागणार नाही, कारण तुमची पिशवी लग्नाला येईल ही भीती तिला झोपू देत नाही.

हे सगळं मला काल विनायकाने सांगितलं. तो वास्कोहून मुद्दाम आला होता. तासभर बाकावर मान खाली घालून बसला, बंदरावर शंभर माणसांना कामाला लावणारा आपला धाकटा भाऊ. मला वाईट वाटलं. त्याने पाकीट काढलं. गौरवीची पिशवी तो विकत घ्यायला तयार आहे, डागांसकट, पूर्ण चौपन्न हजारांना. मी होकार देणारच होतो, तोच तो भाबडेपणाने म्हणाला की शीतल सांगत होती, एवढे पैसे एकदम दिसल्यावर गौरवीबाय नाही म्हणायची नाही. माझं वाईट वाटणं तिथे संपलं.

तरी माझा सल्ला असा की पैसे घ्यावेत. सूड पूर्ण झाला आणि मुद्दल परत आलं, असं सहसा घडत नाही. फीची काळजी मिटते. मला भीती वाटते ती गौरवीच्या मानीपणाची. ती नाही म्हणाली तर पिशवी पावसाळ्यात बुरसून जाईल आणि आठ वर्षं तिच्याबरोबर. विनायकाला रविवारी तुझ्याकडे पाठवतो आहे. लेकीला काय सांगायचं ते सांग, पण ऐकलं पाहिजे असं सांगू नकोस. नाही तर मी सही केली ती फुकट.

दोघींवर जीव आहे, भावोजींवर उरेल तेवढा.

तुझा
दादा

कोरगाव, दि. २० मे

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. विनायक आला होता. चहा घेतला, पण खाली मान घालून. गौरवीला सगळं सांगितलं, आणि तुझी आण घेऊन सांगते, मी एक शब्द मध्ये घातला नाही. तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग आत जाऊन पिशवी आणली, मामाला विचारलं की धुऊन देऊ का. तो नको म्हणाला. तिने ती वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः गाडीच्या डिकीत ठेवली, पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, पाया पडली. गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर माश्या मागे गेल्या.

मी देवाला दिवा लावला. म्हटलं, सुटलो. उद्या डिचोलीला जाऊन पैसे तुझ्या पतसंस्थेत भरायचे, म्हणून पासबुक काढायला उठले. तेव्हा ती हसली. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा. म्हणाली की डिचोलीची बस सातला असते, पण आपल्याला पणजीची साडेनऊची धरायची आहे, दुकान अकराला उघडतं.

दादा, मी तुला सही करू नकोस असं लिहिणारी. मी तिला ओरडायला हवं होतं. शीतलचं ते वाक्य, एवढे पैसे दिसल्यावर बाय नाही म्हणायची नाही, तू लिहिलं नसतंस तर ओरडलेही असते. मी विचारलं ते एवढंच, की तोच रंग मिळेल ना.

काल पणजीत दुकानातल्या बाईने तिला ओळखलं आणि विचारलं की आधीची आवडली नाही का. गौरवी म्हणाली की फार आवडली, मामीने मागून नेली. पण महिन्याभरात किंमत अडीच हजारांनी वाढली होती. गौरवीने पाकीट उघडून धरलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही, मागायची सवय नाही तिला. मी बटवा सोडला. अडीच हजार होते माझ्याकडे, मोजून तेवढेच. लग्नात शीतलच्या हातात द्यायच्या आहेराचे.

येताना बसमध्ये मला फीची आठवण झाली. मग मी जनेलाबाहेर बघितलं. खोका दोघींच्या मांडीवर होता, अर्धा तिच्या, अर्धा माझ्या. तुझ्या फंडाचं तू लिहिलं होतंस ते मी तिला अजून सांगितलेलं नाही, पण विसरलेही नाही.

लग्नाला आम्ही सकाळी आठलाच पोचतो. मुहूर्त लागेपर्यंत पिशवी स्वच्छ ठेवायची असं गौरवी म्हणते. नंतरचं तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तुझ्या धाकट्या बहिणीवर होती तेवढीच माया ठेव, कमी करायची असेल तर लग्नानंतर कर.

तुझी
विमल