तुझं मला दिसतं, माझं तुला

धुळे
ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. पुनमला अर्धा आशीर्वाद. उरलेला अर्धा तुझं उत्तर वाचून देईन.

हे काय आणून ठेवलंस माझ्या घरात? राखीला आलीस, तुझा जुना लॅपटॉप शिलाई मशीनशेजारी मांडलास आणि म्हणालीस की मावशी, गिऱ्हाइकांना ब्लाऊजचे गळे दाखवायला होईल. होत होतं. पण मंगळवारी एका बाईला नेटचा गळा दाखवायला गेले, 'ने' लिहायचं तर बोट चुकून 'नो' झालं, आणि खाली आपोआप आलं, नोंदणी विवाह जळगाव कागदपत्रे. त्याच्या खाली, साक्षीदार किती लागतात. ती बाई माझ्या तोंडाकडे बघायला लागली आणि मी तिच्या.

आता आमच्या घरात लग्नाचं कोण उरलंय? पोराचं, दीपकचं झालं, तो नाशिकला. उरले तुझे काका. अठ्ठावन्न वय आणि दिवाळीपासून मिशीला काळं लावतात. मी दोन दिवस त्यांना चहा दिला नाही. तिसऱ्या दिवशी सरळ विचारलं की जळगावची कोण आहे. तर ते म्हणाले जळगावची आपली पुनम, आणखी कोण. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, पण बोलला खरं. मी जाऊन बघितलं, तर लॅपटॉपच्या कोपऱ्यात गोल फोटो तुझाच, कपाळ तेवढं दिसतंय.

काल 'प्र' लिहिलं, प्रिन्सेस कटसाठी. आलं काय, तर प्रशील नावाचा अर्थ. पोरी, नावाचा अर्थ माणूस कधी बघतं ते मला चौथी शिकूनही कळतं. तुझ्या पहिल्या परकराला टाके मी घातले आणि ही गोष्ट मला मशीनने सांगावी? तोंडाने सांगितली असतीस तर मी काय तुला कात्री मारली असती?

पत्र तुझ्या कॉलेजच्या ऑफिसात टाकते आहे. तुला फोन केला की तुझी आई, अक्का, स्पीकर लावते आणि सगळी गल्ली ऐकते. डिंक लावलेलं पाकीट तरी कोणी चोरून वाचत नाही. तर आता दोन गोष्टी कळव. तो कोण, आणि ह्या लॅपटॉपचं तोंड बंद कसं करायचं.

काकांना चहा सुरू केलाय.

तुझी रागावलेली,
कोकिळामावशी

जळगाव
ता. ७ नोव्हेंबर २०२५

ती. कोकिळामावशीस,
पुनमचा सा. न. वि. वि.

पाकीट टेबलावर आलं तेव्हा ऑफिसातल्या शिल्पाने विचारलं की आजच्या काळात पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, जिला फोनवर ओरडायला पुरत नाही ती. काकांना माझ्यातर्फे दोन कप चहा जास्त दे. माझ्या पापाचं त्यांनी भोगलं.

मावशी, चूक माझी. लॅपटॉप देताना मी त्यातून माझं नाव काढलंच नाही. त्यामुळे तो अजून मलाच मालकीण समजतो. मी इथे मोबाइलवर जे शोधते ते तुझ्याकडे उमटतं. ह्याला सिंक म्हणतात. बंद करायचं तर वर उजवीकडे तीन ठिपके आहेत ते दाब, सेटिंग उघड, सगळ्यात वर माझं नाव दिसेल, त्याच्या शेजारी 'बंद करा' आहे. आणि कुठलीही वेबसाइट परवानगी मागते तेव्हा 'नाही' दाबायचं. तू सगळ्यांना 'हो' म्हणून ठेवलंयस. दारात आलेल्याला नाही म्हणू नये हे खरं, पण हे पाहुणे नाहीत.

प्रशील नशिराबादचा. इथल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. वडील नाहीत, आई द्रौपदाबाई अंगणवाडीत आहेत. दोन वर्षांची ओळख. आपण पाटील, ते बौद्ध, हे तुला मी सांगायच्या आधी नावावरून कळलं असेल. बाबांना काही माहीत नाही. त्यांनी धरणगावचं स्थळ ठरवलंय, ती माणसं ३० तारखेला रविवारी मला बघायला येणार आहेत. नोंदणीचे कागद मी फक्त बघून ठेवले. पळून जाणार नाही. बाबा मांडवात नसतील असं लग्न मला नको, आणि प्रशीलशिवायही नको. ह्यातून कसं निघायचं ते कळत नाही. आईला मी सांगेपर्यंत तू बोलू नकोस.

आणखी एक कबूल करते. माझं तुला दिसतं तसंच तुझं मला, म्हणजे उलटंही. राखीपासून तू माइक दाबून जे विचारतेस ते सगळं माझ्या मोबाइलवर येतं. नवऱ्याचं घोरणं कायमचं बंद कसं करावं. शेजारीण मीठ परत देत नाही तर काय करावं. आणि एकदा, तू जेवलास का. मावशी, तो मशीन आहे, जेवत नाही.

लोभ अर्धा का होईना, राहू दे.

तुझी,
पुनम

धुळे
ता. १२ नोव्हेंबर २०२५

चि. पुनम,

आशीर्वाद देत नाही. तीन महिने मावशीच्या डोक्यात डोकावत बसलीस आणि वर हसतेस? मिठाची गोष्ट खरी आहे आणि तिने अजून दिलेलं नाही.

सिंक मला मोरीतलं माहीत. शेजारणीचं तुंबलं की तिच्या भांड्यांचं पाणी माझ्या मोरीत येतं. हे तसंच निघालं. मी तू सांगितलंस तसे तीन ठिपके दाबले. तिथे 'इतिहास' लिहिलेलं दिसलं, ते उघडलंच नाही, चौथीत इतिहासाने मला फार छळलं आहे. सेटिंगात गेले, दोन-चार ठिकाणी दाबलं आणि सगळा पडदा काळाकुट्ट झाला. अक्षरं तेवढी पांढरी. म्हणजे दिवा विझला. आता तुला इकडचं काही दिसायचं नाही, बस अंधारात चाचपडत.

आता मुद्द्याचं. माझ्या भरवशावर राहू नकोस. मी कोणाची बाजू घेणार नाही. तुझे बाबा, आमचे गिरधरदाजी, कसे आहेत ते मला तुझ्याहून जास्त माहीत. भरीत कमी तिखट झालं तर ताट सरकवणारा माणूस, तो हे कसं पचवेल? लोक काय म्हणतील ते वेगळंच. लोक माझ्याकडे ब्लाऊज शिवायला येतात आणि दोरा तोडेपर्यंत गावभरचं बोलतात. उद्या तुझंच बोलतील आणि मला सुई तोंडात धरून ऐकावं लागेल. तो मुलगा मी बघितलेला नाही, मला बघायचाही नाही. हाडांचे फोटो काढतो म्हणजे मन कसं आहे ते थोडंच दिसतं. धरणगावचं स्थळ येऊ दे, बघून घे, मग बोलू.

अक्काला मी आज सांगत नाही. पण माझ्या पोटात फार दिवस काही राहत नाही, हे ध्यानात ठेव.

इथे वांगी चांगली आली आहेत. कोणी जळगावला निघालं तर पाठवीन. राग वेगळा आणि वांगी वेगळी.

कोकिळामावशी

जळगाव
ता. १८ नोव्हेंबर २०२५

ती. कोकिळामावशीस, सा. न. वि. वि.

आधी हात जोडते, मग लिहिते. मावशी, पडदा काळा झाला म्हणजे फक्त रंग बदलला. डोळ्यांना त्रास कमी व्हावा म्हणून असतो तसा. दिवा विझला नाही. मला सगळं दिसतं आहे.

पत्र मिळालं त्याच दिवशी मी फोन करून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कारण पत्रात एक मावशी होती आणि मोबाइलवर दुसरीच. मला बघायचं होतं, खरी कुठली.

पत्रात तू लिहिलंस की मुलगा बघायचा नाही. त्याच दुपारी तू माइकला विचारलंस, एक्स-रे काढणाऱ्या माणसाच्या अंगाला काही होतं का. मग, नशिराबादची माणसं कशी असतात. मग, बौद्ध लग्न किती वेळात लागतं. मग, मेहुणा ऐकत नसेल तर त्याच्याशी कसं बोलावं. हे तर तू तीन वेळा विचारलंस, तिसऱ्यांदा त्या मशीनला मूर्ख म्हणून. परवा विचारलंस की लग्नाला मावशी साक्षीदार चालते का. चालते, मावशी.

काल जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला होता आणि मोबाइलवर आलं, पांढऱ्या साडीवर नवरीचा ब्लाऊज, काठ कुठला शोभेल. त्यांच्यात नवरी पांढरी साडी नेसते, हे तू शोधून काढलंस. मी तुला सांगितलं नव्हतं. घास तोंडात तसाच ठेवून मी ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शिल्पाला वाटलं ठसका लागला, तिने पाठीवर इतक्या जोरात थापटलं की अजून दुखतं आहे.

आता खरंच बंद कर. सेटिंगात सगळ्यात वर जा, जिथे माझा गोल फोटो आहे तिथेच. रंगाच्या वाटेला जाऊ नकोस. काकांना शेजारी बसव.

आणि मावशी, ३० तारखेच्या आत तू येशील का? आईबाबांना एकटीने सांगायला माझी जीभ उचलायची नाही.

तुझी, आणि पांढऱ्या साडीची,
पुनम

धुळे
ता. २२ नोव्हेंबर २०२५

चि. पुनमला पूर्ण आशीर्वाद. मागचा उरलेलाही ह्यातच धर.

तू एक नंबरची लबाड आहेस. तुझं पत्र वाचून मी एका ब्लाऊजला बाही उलटी लावली, काकांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग त्यांना शेजारी बसवलं आणि तुझा फोटो लॅपटॉपवरून काढला. काढताना त्यांना वाईट वाटलं, म्हणाले पोरगी घरातून गेल्यासारखी वाटते. मग त्यांनी माझ्या नावाने नवीन खातं उघडलं. आता कोपऱ्यात गोलात 'को' आहे. लग्न होऊन तीस वर्षं झाली, ह्या घरात माझं एकटीचं नाव आत्ता कुठे पहिल्यांदा लागलं. पासवर्ड त्यांनाही सांगितलेला नाही. परवानगी मागायला जे येतात त्यांना 'नाही' दाबते, आणि दाबायला मजा येते.

पण बाई, तू नुसती लॅपटॉपचीच चूक केलेली नाहीस. गुरुवारी अक्काचा फोन आला. तिने विचारलं की कोकिळे, पांढऱ्यावर मोतिया काठ घेतेस की सोनेरी. माझ्या हातातून कात्री पडली. तिचा मोबाइलही गेल्या वर्षी तूच चालू करून दिलास, आणि तोही तुझ्याच नावाने. गौरी-गणपतीत ते तिच्या ध्यानात आलं, तेव्हापासून ती सगळं बघतेय. तुझं नोंदणी विवाह, तुझं नावाचा अर्थ, माझं मीठ. मी म्हटलं मग बोलली का नाहीस. ती म्हणाली पोरगी आपल्या तोंडाने कधी सांगते त्याची वाट बघत होते. धरणगावच्या लोकांना तिने दोनदा पुढे ढकललं ते काय गुडघा दुखतो म्हणून? तिचा गुडघा माझ्याहून धड आहे. आता तिसऱ्यांदा तिने त्यांना येऊच नका म्हणून कळवून टाकलं.

आणि धरणगावला नाही कळवलं म्हणून दाजींनाही तिनेच सांगितलं, बुधवारी. तुला कोणी काही बोललं नाही कारण मीच म्हटलं की मी लिहिते. त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी नळाला पाणी भरताना अक्काला म्हणाले, मुलाला म्हणावं समोरच्या दाराने ये, असा मोबाइलमधून येऊ नको. हे 'हो' नाही, पुनम. उगीच नाचू नकोस. त्यांच्या मनात काय काय आहे ते त्यांनाच माहीत, लोकांचं भय तर बठ्ठं, सगळंच्या सगळं, आहेच. पण दार उघडं ठेवतो म्हणाला माणूस. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नाही.

तर ३० तारखेला, रविवारी, धरणगावच्या जागी नशिराबाद येईल. मी शनिवारीच सकाळच्या एस.टी.ने निघते. प्रशीलला सांग, आईला घेऊन ये, दोघांना भरीत-भाकरी चालते का ते विचार, आणि दाजींसमोर पाय हलवत बसू नको म्हणावं. मी दाजींच्या शेजारी बसणार आहे. ते गप्प झाले तर मी बोलेन, ते बोलले तर मी गप्प बसेन, हे दुसरं मला जमेल का ते बघू.

द्रौपदाबाईंना माझा नमस्कार कळव आणि साडीचा काठ त्यांना कुठला आवडतो ते विचार. त्यांच्या घरची रीत, त्यांच्या शब्दाने. आपण आपलं घुसवायचं नाही. दाजींचा होकार आला नाही तोवर कात्री लावणार नाही, पण कापड मी घेऊन ठेवलंय, परत करायची सवय मला नाही.

काठाचं उत्तर आणि तुझं छातीचं, कमरेचं, दंडाचं माप गुरुवारी, २७ तारखेला, दिवे लागायच्या आत मला हवं. पत्र नको, फोन कर. नाही आलं तर होकार आल्यावर दिवाळीच्या मापाने कापीन, मग दंडात घट्ट झालं तर बोलायचं नाही.

तुझी साक्षीदार,
कोकिळामावशी