हत्तीची धाप

उंब्रज, यात्रेचा दुसरा दिवस, १९७४

अजून अंगावर काटा आहे! ज्याला सगळे 'हत्ती' म्हणतात तो पैलवान नुसत्या बोलबाल्यावर जगतो, असं मीच गावभर सांगत होतो. दुपारी जोड शोधत त्यानं मैदानाला फेरी मारली, तेव्हा त्याची धाप मला नेमकी ऐकू आली. पुतण्याला म्हटलं, "संपत, भीड रं. कुस्ती लांबव, त्याला दम न्हाई."

संपतनं लय झुंजवलं. धाप वाढली, लोहाराच्या भात्यासारखी. मी ओरडतोय, "आता घे!" आणि तसंच धापा टाकत हत्तीनं संपतला उचलून चीत केला.

मग ती धाप? कान चुकले की अक्कल?

पाठीची माती न झाडताच संपत म्हणाला, "काका, मला ह्याच्याच तालमीत घाला."