इंदूची घागर

कौसल्या,

मी सकाळच्या एसटीनं राळेगावला जातोय. तिथं काम काही नाही. आपली इंदू गेल्यानंतरची ही पहिली अक्षयतृतीया, तुझी अखजी. तू तिच्या नावानं घागर भरशील आणि मी घरात असलो तर तोंड उघडीन, म्हणून जातोय.

बुद्धाची दीक्षा घेतल्यावर मेलेल्यांसाठी पाणी भरून ठेवणं मला पटत नाही, हे तुला महिनाभर समजावलं. तू काल एकाच वाक्यात निकाल लावलास, "पोरगी तिकडं तहानेली राह्यली, तं तुमचं शिक्षण पाजीन काय तिले पाणी?" यावरचं उत्तर कॉलेजात शिकवलं नव्हतं.

इंग्रजीत एक म्हणणं आहे, अ‍ॅग्री टू डिसॅग्री. म्हणजे आपलं पटणार नाही एवढं दोघांनी मान्य करायचं आणि भांडण तिथंच ठेवून जेवायला बसायचं. साहेबलोकांना ते चहा पिता पिता जमतं. आपलं घर दोन खोल्यांचं, म्हणून मला एसटी लागते.

परतल्यावर मी विचारणार नाही, तूही सांगू नकोस. ताट तेवढं वाढून ठेव.

घागर मीच कुंभाराकडून आणून रांजणापाशी ठेवली आहे. लहान आणली म्हणून रागावू नकोस. मोठी तिच्यानं उचलली नसती.

गोविंदा